माजघर ते चव्हाटा: प्राचीन अथेन्समधलं घर आणि राजकारण

प्राचीन अथेन्समध्ये दरवर्षी नऊ आर्कन, म्हणजे नगराचे प्रमुख अधिकारी, चिठ्ठ्या काढून ठरवले जात. चिठ्ठीत नाव निघालं म्हणून कुणी लगेच कामावर रुजू होत नसे. आधी पाचशे जणांच्या मंडळापुढे आणि मग न्यायसभेपुढे उभं राहून प्रश्नांची उत्तरं द्यावी लागत. ॲरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या अथेन्सच्या राज्यव्यवस्थेवरच्या ग्रंथात हे प्रश्न नोंदवलेले आहेत. तुझे वडील कोण, कुठल्या गावचे? वडिलांचे वडील कोण? आई कोण? आईचे वडील कोण आणि ते कुठल्या गावचे? अपोलो पात्रूस हा कुळाचा देव आणि झ्यूस हेर्केइओस हा अंगणाच्या कुंपणाचा देव तुझ्याकडे आहेत का, त्यांची ठाणी कुठे आहेत? घराण्याच्या समाध्या कुठे आहेत? आईवडिलांना नीट वागवतोस का? कर भरतोस का? मोहिमांवर गेला होतास का? प्रत्येक उत्तराला साक्षीदार लागत, आणि शेवटी जमलेल्यांना विचारलं जाई की या माणसाविरुद्ध कुणाचं काही म्हणणं आहे का.

कायदा किती कळतो, कारभार कसा करणार, असं काहीच कुणी विचारत नाही. कर आणि लष्करी सेवा सोडली तर सगळी चौकशी घराची आहे: रक्ताची माणसं, अंगणातले देव, पुरलेले पूर्वज आणि म्हातारे आईबाप.

लोकशाहीचं माहेरघर म्हणून अथेन्सचं नाव आपण शाळेपासून ऐकत आलो. त्या धड्यांत बहुतेक वेळा एक वाटणी गृहीत धरलेली असते. घर म्हणजे बायका, मुलं आणि गुलाम यांचं खासगी जग. राजकारण म्हणजे प्निक्स टेकडीवरच्या लोकसभेत चालणारा पुरुषांचा सार्वजनिक व्यवहार. मला ही वाटणी फसवी वाटते. अथेन्समध्ये लोकशाही जसजशी रुजत गेली तसतशी नगराची नजर घरावर अधिकच कडक होत गेली. कारण साधं होतं. राजकारणातला वाटा जन्मावर ठरत होता, आणि जन्म घरात होत होता.

घर म्हणजे नेमकं काय

ग्रीस तेव्हा एक देश नव्हता. हजाराच्या आसपास लहानमोठी नगरराज्यं होती आणि प्रत्येकाचे कायदे वेगळे. आपल्याला सर्वांत जास्त माहिती अथेन्सची आहे, कारण तिथली न्यायालयातली भाषणं, शिलालेख आणि ग्रंथ मोठ्या प्रमाणात टिकले. म्हणून इथं भर अथेन्सवर आहे.

घराला ग्रीक लोक ओइकोस म्हणत. त्यात नवरा-बायको-मुलं येत, तसंच शेत, बैल, अवजारं, साठवलेलं धान्य, गुलाम, चुलीची देवता हेस्तिया आणि गावाबाहेरच्या समाध्याही येत. आपल्याकडे ‘घरदार’ म्हणताना जे सगळं डोळ्यांपुढे येतं, तेच. नगराचीही एक सार्वजनिक चूल असे. ती प्रिटानेइऑन नावाच्या इमारतीत असे आणि परदेशी दूतांना जेवायला तिथेच बोलावलं जाई. नगराला स्वतःकडे एक मोठं घर म्हणून पाहायला आवडत होतं, हे यावरून दिसतं.

ॲरिस्टॉटल मात्र इथे एक रेघ मारतो. घरांपासून गावं आणि गावांपासून नगर बनतं, हे त्याला मान्य आहे. पण घर चालवणं आणि नगर चालवणं हे एकच काम लहानमोठ्या मापात असतं, हे त्याला मान्य नाही. नगरात स्वतंत्र आणि समान माणसं आळीपाळीने सत्ता घेतात आणि सोडतात. घरात मात्र मालक-गुलाम, नवरा-बायको आणि बाप-मुलं अशी तीन नाती आहेत आणि तिन्हींत वरचा हात एकाच माणसाचा. सकाळी लोकसभेत शेजाऱ्याच्या बरोबरीने हात वर करणारा माणूस दुपारी घरी येऊन राजा होत असे. बाहेरची समता आतल्या विषमतेवर उभी होती. अथेन्सच्या लोकशाहीबद्दल मनापासून आदर असलेल्या वाचकानेही ही गोष्ट नजरेआड करू नये. लोकसभेत दिवस घालवण्याइतकी फुरसत अनेकांना मिळत होती ती शेतावर, भट्टीवर आणि मागावर राबणाऱ्या दुसऱ्या हातांमुळे.

आधी घर वाचवलं, मग लोकशाही आली

इ.स.पू. ५९४ मध्ये सोलोन आर्कन झाला तेव्हा ॲटिकातला, म्हणजे अथेन्सभोवतीच्या मुलखातला, गरीब शेतकरी कर्जात बुडालेला होता. कर्जाला तारण म्हणून स्वतःचं आणि बायकामुलांचं शरीर लिहून दिलेलं असे. फेडता आलं नाही की माणसं गुलाम म्हणून विकली जात. सोलोनने ती कर्जं रद्द केली आणि यापुढे माणसाच्या देहावर कर्ज द्यायचं नाही असा कायदा केला. लोकशाहीच्या वाटेवरचं हे पहिलं मोठं पाऊल. मतदानाच्या कितीतरी आधी, सावकाराच्या हातून घर सोडवण्यापासून त्या वाटेची सुरुवात झाली.

सोलोनच्या नावावरचे पुढचे कायदे वाचले तर तो घराच्या किती आत शिरला होता ते कळतं. औरस मुलगा नसेल तर मृत्युपत्राने दत्तक घेता येईल. ज्या बापाने मुलाला काही हुन्नर शिकवला नाही, त्याला म्हातारपणी सांभाळण्याचं बंधन मुलावर नाही. अंत्ययात्रा सूर्योदयाआधी निघाली पाहिजे. बायकांनी गाल ओरबाडून घेऊ नयेत. समाधीपाशी बैल बळी देऊ नये. मर्तिकाच्या ठिकाणी जवळच्या नात्यातल्या किंवा साठ वर्षांवरच्या बायकांनीच जावं.

आजच्या वाचकाला हा नसता उपद्व्याप वाटेल. पण तेव्हाची मोठी घराणी आपलं बळ दाखवत ती अशाच प्रसंगी. मोठी अंत्ययात्रा, आक्रोश करणाऱ्या बायकांचा जथा, बळी दिलेला बैल, मागून येणारे शेकडो लोक. त्यातून जुनी वैरं पुन्हा पेटत. म्हणून खानदानांची ताकद कमी करायची तर त्यांच्या दुःखाच्या प्रदर्शनालाही लगाम घालणं भाग होतं.

इ.स.पू. ५०८-०७ मध्ये क्लिस्थेनीसने पुढचं पाऊल टाकलं. त्याने ॲटिकातल्या लोकांची नवी विभागणी केली. गावं आणि वस्त्या मिळून १३९ डीम झाले आणि त्यांतून दहा नव्या टोळ्या. नागरिकाची ओळख त्याच्या डीमवरून होऊ लागली, आणि अठराव्या वर्षी मुलाचं नाव डीमच्या यादीत चढू लागलं. घराण्यांची पकड ढिली करण्यासाठी केलेली ही रचना, पण तिच्यातही डीम बापाकडून मुलाकडे जात असे. कुणी दुसरीकडे राहायला गेला तरी त्याचा डीम तोच. घराला वळसा घालून कुणालाही नगरात शिरता येत नव्हतं.

पेरिक्लीसचा कायदा

इ.स.पू. ४५१-५० मध्ये अथेन्सचा नेता पेरिक्लीस याच्या सूचनेवरून एक कायदा झाला. आई आणि बाप दोघंही अथेन्सचे असतील तरच मुलाला नागरिकत्व. तोवर बाप अथेन्सचा असला की भागत होतं. खुद्द क्लिस्थेनीसची आई सिक्योनच्या सत्ताधीशाची मुलगी होती आणि सेनापती किमोनची आई थ्रेसच्या राजाची. हे दोघं नव्या कायद्यानंतर जन्मले असते तर त्यांना लोकसभेत पाऊल ठेवता आलं नसतं.

कायदा का झाला याचं प्राचीन स्पष्टीकरण एवढंच की नागरिकांची संख्या वाढली होती. पण परिणाम खोल झाला. श्रीमंत घराणी परगावच्या राजघराण्यांशी सोयरीक करून आपलं वजन वाढवत, तो मार्ग बंद झाला. आणि जिला मत नाही, जमिनीवर खरी मालकी नाही, न्यायालयात स्वतः बोलायचा हक्क नाही, त्या अथेनियन बाईच्या पोटी जन्मणं ही नागरिकत्वाची अट झाली. लोकशाहीने बाईला राजकारणाबाहेर ठेवलं आणि त्याच वेळी सगळं राजकारण तिच्या मातृत्वावर आणून टेकवलं.

कायदा त्याच्या कर्त्यावरच उलटला. इ.स.पू. ४३० मध्ये अथेन्समध्ये साथ आली आणि पेरिक्लीसचे दोन्ही औरस मुलगे, झँथिप्पस आणि पॅरालस, त्यात गेले. उरला तो मिलेटस या परक्या नगरातल्या ॲस्पेशियापासून झालेला मुलगा, आणि कायद्याप्रमाणे तो परका. घराचं नाव बुडू नये म्हणून त्या थकलेल्या नेत्याला लोकांपुढे हात जोडावे लागले. लोकांनी अपवाद केला, मुलाला बापाचं नाव आणि नागरिकत्व दिलं. हा धाकटा पेरिक्लीस पुढे सेनापती झाला. इ.स.पू. ४०६ मध्ये आर्गिनुसाईची सागरी लढाई जिंकूनही, बुडणाऱ्या जहाजांवरची माणसं वाचवली नाहीत म्हणून अथेन्सच्याच लोकसभेने ज्या सेनापतींना देहदंड दिला, त्यांत तो होता.

कागद नसलेलं नागरिकत्व

आता अडचण अशी की अथेन्समध्ये जन्माचा दाखला नव्हता. लग्नाची नोंदणी नव्हती. मग अमुक मुलगा अमुक आईबापांचा औरस आहे, हे कसं सिद्ध करायचं?

उत्तर घरातल्या समारंभांत होतं. लग्न ठरताना मुलीचा बाप साक्षीदारांसमोर शब्द उच्चारून मुलगी देई आणि नवरा ती स्वीकारी. हुंड्याची रक्कम तिथेच सांगितली जाई, कारण घटस्फोट झाला तर ती परत करावी लागे. नवरी घरी आली की तिला चुलीपाशी नेऊन तिच्यावर सुकामेवा आणि अंजिरं उधळत. नव्याने विकत आणलेल्या गुलामाचं स्वागतही अगदी याच पद्धतीने होई, आणि हे वाचल्यावर त्या घरातल्या नवरीची जागा नेमकी कुठे होती याचा विचार केल्याशिवाय राहवत नाही. लग्नानंतर नवरा आपल्या फ्रॅट्रीला जेवण देई. फ्रॅट्री म्हणजे साधारण आपल्या भावकीसारखा समूह: एक मूळपुरुष मानणारी घरं, एकत्र सण, एकत्र देव आणि एकमेकांच्या घरातलं सगळं ठाऊक.

मूल झालं की थोड्या दिवसांनी त्याला चुलीभोवती फिरवत. दहाव्या दिवशी नाव ठेवून नातेवाइकांना जेवण. शरद ऋतूत अपातूरिया हा फ्रॅट्रीचा सण येई. तेव्हा बाप मुलाला घेऊन वेदीपाशी जाई आणि हा मुलगा लग्नाच्या अथेनियन बायकोपासून झालेला आहे अशी शपथ घेई. कुणाला शंका असेल तर आक्षेप तिथेच. मग अठराव्या वर्षी डीमची सभा, आणि तिथे शपथेवर मतदान.

वीस-तीस वर्षांनी कुणी नागरिकत्वावर बोट ठेवलं तर न्यायालयात काय दाखवायचं? बारशाला कोण होतं, लग्नाचं जेवण कुणी खाल्लं, आजोबांच्या समाधीला दरवर्षी कोण जातं, हे सांगणारी माणसं. म्हणून अथेन्समध्ये नातेवाइकांना जेवायला बोलावणं ही हौसेइतकीच सावधगिरीची बाब होती.

युक्सिथिऑस नावाच्या माणसाचं उदाहरण बघण्यासारखं आहे. इ.स.पू. ३४६-४५ मध्ये सगळ्या डीमना आपापल्या याद्या तपासायला सांगितलं गेलं. शंका असलेल्या प्रत्येक नावावर मतदान. हालिमूस या डीमने युक्सिथिऑसचं नाव उडवलं. त्याने न्यायालयात दाद मागितली. तिथे हरला असता तर गुलाम म्हणून विकला गेला असता. डेमॉस्थेनीस या वक्त्याच्या भाषणसंग्रहात त्याचं भाषण टिकलं आहे. तो सांगतो की सभा मुद्दाम लांबवली, त्याचं नाव पुकारलं तेव्हा अंधार पडला होता, म्हातारी माणसं घरी निघून गेली होती, जेमतेम तीस जण उरले होते आणि मोजताना मतं मात्र साठांहून जास्त निघाली.

विरोधकांचे पुरावे काय? बापाच्या बोलण्याला परका हेल आहे. आई बाजारात फिती विकते आणि एके काळी दुसऱ्याच्या मुलाची दाई होती; खऱ्या अथेनियन घरातली बाई असली कामं करील का? युक्सिथिऑसचं उत्तर त्या सगळ्या भाषणसंग्रहातला मला सर्वांत भिडणारा भाग आहे. बाप युद्धात पकडला गेला, परमुलखात विकला गेला आणि कितीतरी वर्षांनी परतला, म्हणून त्याची बोली बदलली. आई गरिबीपायी दाई झाली. युद्धाच्या आणि टंचाईच्या काळात अथेन्सच्या कितीतरी बायका दाई झाल्या, मागावर बसल्या, द्राक्षं तोडायला गेल्या. गरिबी स्वतंत्र माणसाला हलकी कामं करायला लावते. त्याबद्दल दया यावी, नागरिकत्व काढून घेऊ नये. मग तो आईकडचे, वडिलांकडचे, फ्रॅट्रीतले, समाधीत वाटा असलेले नातलग एकामागून एक उभे करतो.

बायका घराबाहेर पडत नसत, हे सरसकट विधान किती पोकळ आहे तेही इथं दिसतं. ते श्रीमंतांच्या घरचं शोभेचं चित्र होतं. गरिबाच्या बायकोला घराबाहेर पडण्यापासून कोण अडवणार, असा प्रश्न ॲरिस्टॉटलनेही विचारला आहे.

एका घराचा जिना

लिसियस हा भाषणं लिहून देणारा वकील. त्याने लिहिलेल्या एका भाषणात युफिलेटस नावाचा साधा शेतकरी खुनाच्या आरोपातून सुटण्यासाठी बोलतो आहे. घर दुमजली, वर बायकांची खोली, खाली पुरुषांची. मूल झाल्यावर रात्री त्याला धुवायला बायकोला जिना उतरावा लागू नये म्हणून अदलाबदल केली: तो वर, बायको आणि दासी खाली. एका रात्री तो शेतावरून परतला. जेवण झालं, खाली मूल रडायला लागलं. तो म्हणाला, जा, पाज त्याला. ती आधी नको म्हणाली, मग थट्टामस्करी करत उठली आणि जाताना बाहेरून दाराला कुलूप लावून गेली. रात्री अंगणाचं दार करकरलं. सकाळी विचारलं तर म्हणाली, दिवा विझला होता, शेजाऱ्यांकडून पेटवून आणला. तिच्या तोंडावर पांढरी पूड दिसत होती, आणि तिचा भाऊ जाऊन महिनाही झाला नव्हता.

पुढे खरं काय ते कळल्यावर युफिलेटस रात्री शेजारीपाजारी गोळा करून, मशाली घेऊन, दार ढकलून आत शिरला आणि बायकोचा जार एराटोस्थेनीस याला त्याने ठार मारलं. मारताना काय म्हणालो, ते तो न्यायाधीशांना सांगतो: तुला मी मारत नाही, नगराचा कायदा मारतो आहे.

बचावाचं भाषण म्हणून ते अर्थातच रंगवलेलं आहे. बायकोचं नाव एकदाही येत नाही आणि तिची बाजू आपल्यापर्यंत पोहोचलेलीच नाही. पण त्या वाक्यावर जिवावरच्या खटल्याचा भार टाकता येत होता, याला कायद्याचा आधार होता. घरात पकडलेल्या जाराला मारणं कायद्याने माफ होतं. नवऱ्याने व्यभिचारी बायकोला सोडलं नाही तर त्याचेच नागरी हक्क जात, आणि तिला सार्वजनिक देवळांत जायला बंदी होई. युफिलेटस त्याचं कारणही सांगतो: अशा माणसामुळे घरातली मुलं नेमकी कुणाची हेच कळेनासं होतं. ४५१ च्या कायद्यानंतर या शंकेला राजकीय धार आली होती. मुलाच्या जन्माबद्दल संशय म्हणजे मतदारयादीबद्दल संशय.

नेआइरा नावाच्या बाईविरुद्धचा खटला याच धाग्यावर पुढे जातो. ती परकी गणिका असून एका नागरिकाची बायको म्हणून राहते आणि तिची मुलगी खोट्या ओळखीने राजा-आर्कनला, म्हणजे नऊ आर्कनांपैकी धर्मकृत्यं पाहणाऱ्याला, दिली गेली, असा आरोप होता. राजा-आर्कनची बायको डायोनिससचे गुप्त विधी सगळ्या नगराच्या वतीने करत असे. म्हणजे एका घरातली लपवाछपवी थेट नगराच्या देवापर्यंत पोहोचली होती. फिर्यादी अपोलोडोरस न्यायसभेला एक प्रश्न विचारतो. तुम्ही घरी जाल तेव्हा बायको, मुलगी, आई विचारील की आज कुठे होतास, आणि तू म्हणशील की नेआइराच्या खटल्यात. ती विचारील, काय निकाल दिलात? सोडून दिली म्हणून सांगितलंत तर त्या चिडणार नाहीत का?

एवढ्या एका वाक्यातून कितीतरी कळतं. लोकसभेत, न्यायसभेत बायका नव्हत्या, पण संध्याकाळी जाब विचारणारं कुणीतरी घरी होतं, हे त्या सभेतल्या प्रत्येकाला माहीत होतं. शिवाय धर्माच्या कारभारात त्यांची जागा पक्की होती. नगरदेवता अथेनाची पुजारीण बाई असे. पॅनाथेनाइया उत्सवात देवीला अर्पण होणारं वस्त्र मुली-बायकाच विणत. थेस्मोफोरिया हा तीन दिवसांचा सण तर फक्त बायकांचा होता.

पैसा, वारसा आणि आरमार

घर बुडू नये यात नगराचा सरळ स्वार्थ होता. मुलगा नसताना बाप वारला आणि मागे मुलगी राहिली, तर संपत्ती तिच्या हातून तिच्या मुलांकडे जाई, पण तिच्याशी लग्न करायचा पहिला हक्क बापाच्या जवळच्या पुरुष नातेवाइकाचा, बहुतेक वेळा काकाचा. आर्कनवर अनाथ मुलं, अशा वारस मुली आणि ओसाड पडू पाहणारी घरं यांची देखरेख करायची जबाबदारी होती. मुलीच्या मनाचा विचार या नियमात कुठेच नाही. विचार आहे तो एका घराची चूल विझल्याने शेत, समाधी आणि सैनिक कमी होण्याचा.

श्रीमंत घरांवर तर नगर उघडपणे चालत होतं. युद्धनौका वर्षभर सुसज्ज ठेवायची, नाट्योत्सवातल्या कोरसचा खर्च करायचा, ही कामं सधन नागरिकाकडे सोपवली जात. माझ्यापेक्षा अमुक माणूस श्रीमंत आहे, असं ज्याला वाटे त्याला एक उपाय होता. तो त्या माणसाला आव्हान देई: हा खर्च तू उचल, नाहीतर तुझी सगळी मालमत्ता मला दे आणि माझी तू घे. अख्ख्या घराची अदलाबदल करण्याचा हा कायदा होता.

डेमॉस्थेनीसच्या आयुष्यात तो कसा आला बघा. बाप वारला तेव्हा तो सात वर्षांचा होता. मालमत्ता सुमारे चौदा टॅलेंटची (एक टॅलेंट म्हणजे साठ मिना), त्यात तीसेक गुलामांचा तलवारी बनवणारा कारखाना आणि वीस गुलामांचा पलंग बनवणारा. तीन पालकांनी ती खाऊन टाकली. सज्ञान झाल्यावर त्याने पालकांवर दावा लावला, तर तो उभा राहायच्या तोंडावर मेइडियास नावाच्या धनिकाचा भाऊ थ्रासिलोकस आव्हान घेऊन आला. अदलाबदल स्वीकारली असती तर दावाही थ्रासिलोकसच्याच हातात गेला असता आणि पालक सुटले असते. दोघे भाऊ त्याच्या घरात घुसले, खोल्यांची दारं तोडली आणि लग्नाच्या वयाला न आलेल्या बहिणीसमोर वाटेल ते बोलले. शेवटी वीस मिना भरून त्याने दावा वाचवला. अथेन्सचा सर्वांत मोठा वक्ता बोलायला शिकला तो वडिलांचं घर परत मिळवण्यासाठी.

राजकारण उलट्या दिशेनेही घरात शिरे. पुरुषांच्या मद्यपानाच्या खोलीत, अँड्रॉनमध्ये, मित्रमंडळींचे गट जमत. इ.स.पू. ४१५ मध्ये सिसिलीच्या स्वारीच्या तोंडावर एका रात्रीत घरांच्या दारांपुढे उभे असलेले हर्मिस देवाचे दगडी खांब विद्रूप केले गेले. पाठोपाठ खासगी घरांत पवित्र विधींची टवाळी झाल्याचे आरोप आले आणि अख्खं नगर कटाच्या संशयाने हादरलं. इ.स.पू. ४११ मध्ये लोकशाही उलथवली गेली तेव्हा अशाच गटांचा उपयोग झाला. उलथवणाऱ्यांची सत्ता कोसळल्यावर त्यांतल्या अँटिफॉन आणि आर्केप्टोलेमस यांना मृत्युदंड झाला, त्यांची घरं जमीनदोस्त केली आणि त्या जागी देशद्रोह्यांची जागा असे दगड रोवले. त्यांच्या वंशजांचेही नागरी हक्क गेले. माणूस मारून भागत नव्हतं. घर पुसावं लागत होतं. तसंच इ.स.पू. ४०४ मध्ये तीस जुलमी सत्ताधाऱ्यांच्या माणसांनी लिसियसच्या भावाला, पोलेमार्कसला संपवलं, तेव्हा त्यांतला एक जण घरात शिरताच त्याने पोलेमार्कसच्या बायकोच्या कानातली सोन्याची कर्णभूषणं ओढून काढली. लिसियस पुढे न्यायालयात उभा राहिला तेव्हा त्याने हा प्रसंग आवर्जून सांगितला.

स्पार्टाची उलटी वाट

क्रीटमधल्या गोर्टिनचा इ.स.पू. पाचव्या शतकातला कायदा बारा स्तंभांत भिंतीवर कोरलेला आहे. तिथे मुलीला वडिलोपार्जित संपत्तीत मुलाच्या निम्मा वाटा होता, आणि घटस्फोट झाला तर बाई आपली संपत्ती आणि स्वतः विणलेल्या कापडाचा अर्धा भाग घेऊन जाई. अथेन्सचा नियम म्हणजे सगळ्या ग्रीकांचा नियम नव्हे, हे एवढ्यावरून पुरेसं कळतं.

स्पार्टाने तर घराला मागे सारून नगर उभारायचा प्रयत्न केला. मुलगा सात वर्षांचा झाला की आईपासून दूर, सामूहिक शिक्षणात. तिशीपर्यंत पुरुष साथीदारांबरोबर राहात, बायकोकडे रात्री चोरून जात. जेवण रोज सार्वजनिक भोजनगटात. तिथे दरमहा जवाचं पीठ, वाइन, चीज आणि अंजिरं यांचा ठरलेला वाटा आपल्या जमिनीतून द्यायचा. तो देता आला नाही की पूर्ण नागरिकत्व गेलं.

मेख इथेच होती. भोजनगट नगराचा, पण शिधा घरच्या जमिनीतून. ती जमीन वारशाने, हुंड्याने आणि दानाने हळूहळू थोड्या घरांत गोळा होत गेली. ॲरिस्टॉटलच्या मते पाचांपैकी दोन हिस्से जमीन बायकांच्या हातात होती. गरीब झालेली घरं शिध्याला मुकली आणि त्यांचे पुरुष नागरिकांच्या यादीतून गळत गेले. हेरोडोटसने इ.स.पू. ४८० च्या सुमारास आठ हजार स्पार्टन पुरुष मोजले आहेत. इ.स.पू. ३७१ मध्ये ल्यूक्ट्राच्या लढाईत सातशे पूर्ण नागरिक उतरले आणि त्यांतले चारशे पडले. त्या फटक्यातून स्पार्टा पुन्हा उभा राहिला नाही. तीन मुलगे असलेल्या बापाला लष्करी सेवा माफ, चार असलेल्याला सगळे कर माफ, असा कायदा तिथे होता, पण जमीनच थोड्या घरांत अडकलेली असताना जास्त मुलं म्हणजे जास्त गरिबी. ॲरिस्टॉटल लिहितो की दीड हजार घोडेस्वार आणि तीस हजार पायदळ पोसू शकेल अशा या मुलखात नागरिकांची संख्या हजारावरही राहिली नव्हती, आणि माणसं नाहीत म्हणून स्पार्टा एका घावात कोसळला. त्याची कारणं सांगताना तो सेनापतींच्या चुकांकडे वळत नाही. तो हुंड्यांचे आकडे, मृत्युपत्रांची मोकळीक आणि वारस मुलीचं लग्न कुणी ठरवायचं याचे नियम काढून बसतो.